गावकुसाबाहेरची हवा

निफाड म्हटले की बाहेरच्या माणसाला दोन गोष्टी आठवतात, द्राक्षे आणि थंडी. दरवर्षी डिसेंबर-जानेवारीत वर्तमानपत्रांत एक ठरलेली बातमी येते, 'निफाडचा पारा घसरला'. तो आकडा कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला असतो. २०१८ च्या डिसेंबरअखेर तो दोन अंशांच्या आसपास आला, तेव्हा मुंबई-पुण्याच्या ओळखीच्यांनी आम्हाला फोन करून विचारले, 'काय वकीलसाहेब, बर्फ पडला का तुमच्याकडे?' एप्रिल-मे महिन्यांत मात्र असा फोन कुणी करीत नाही. थंडीने द्राक्षबाग धोक्यात येते म्हणून तिची बातमी होते. उन्हाळ्यात पत्र्याखाली माणूस शिजतो, त्याची बातमी होत नाही.

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. न्यायालयाच्या आवारात आमच्या टेबलाशी एक मावशी आल्या. लासलगावच्या कांद्याच्या खळ्यावर निवडीचे काम करतात. दिवसभर फोलपटाची धूळ नाकातोंडात जाते, म्हणून तोंडाला पदर बांधण्याची सवय इतकी जडलेली की बोलतानाही तो पुरता खाली येत नव्हता. मुलाच्या अपघाताच्या नुकसानभरपाईचे प्रकरण होते. तारीख सांगून झाली तरी त्या उठेनात. मग म्हणाल्या, 'साहेब, केसचं होईल तवा होईल. पण रातच्याला झोपच नाही. घरात झोपावं तर पत्रा तापलेला, वट्यावर झोपावं तर कचऱ्याचा धूर. तुम्हीच सांगा, कुठं झोपावं?'

आम्ही पंधरा-सोळा वर्षे वकिली करतो. उलटतपासणीत भल्याभल्यांना गप्प केले असेल, पण या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. पुढच्या रविवारी आम्ही त्यांच्या गावी गेलो. गावाचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण प्रकरण अजून चालू आहे. महामार्गाच्या कडेने वाढत वाढत निमशहर झालेले असे गाव निफाड तालुक्यात एकच नाही. वस्तीच्या मागे पन्नास-साठ पावलांवर साऱ्या गावाचा कचरा येऊन पडतो. पूर्वी तेथे उकिरडा होता. शेण, राख, पालापाचोळा कुजून त्याचे खत होई आणि ते शेतात जाई. आता तेथे प्लॅस्टिक, थर्मोकोल, द्राक्षाच्या पेट्यांचे पुठ्ठे, ठिबकच्या फाटक्या नळ्या, औषधांच्या रिकाम्या बाटल्या येतात. पुठ्ठा सोडला तर यातले काहीही कुजत नाही. मग ते जाळले जाते. वरून आग विझली तरी आत धुमसत राहते, दिवस नाही की रात्र नाही.

गावकऱ्यांना विचारले, कचरा येथेच का? सगळ्यांचे उत्तर एकच, 'ती जागा पहिल्यापासून कचऱ्याचीच आहे.'

हे 'पहिल्यापासून' कधीपासून, ते पाहिले पाहिजे. आपल्या भागातल्या पुष्कळ गावांत महारवाडा पूर्वेला सापडतो. आमचे आजोबा याचे कारण सांगत. आपल्याकडे उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात वारा बहुधा पश्चिमेकडून वाहतो. नद्याही गोदावरीसारख्या पूर्वेला वाहतात. वारा आणि पाणी आधी गावाला मिळावे, मग उरलेसुरले आम्हाला. आमच्या अंगावरून गेलेला वारा गावावर जाऊ नये आणि आम्ही शिवलेले पाणी गावाच्या पाणवठ्याला लागू नये, अशी ती चोख व्यवस्था होती. ज्यांनी गावे वसवली त्यांना वाऱ्याच्या दिशेचे ज्ञान होते आणि ते ज्ञान त्यांनी कशासाठी वापरले तेही आपण पाहतो आहोत. विटाळ ही कल्पना खोटी होती, धूर खरा आहे. खोट्या प्रदूषणासाठी आखलेल्या नकाशावर आज खरे प्रदूषण येऊन बसले आहे, आणि ते बरोबर त्याच जागी बसले आहे.

कुणी म्हणेल, वकीलसाहेबांना जेथे तेथे जात दिसते. तर मग जेथे जात नव्हती त्या इंग्लंडकडे पाहू. तेथेही पश्चिमेचे वारे वाहतात. एकोणिसाव्या शतकात कोळशावर चालणाऱ्या गिरण्यांच्या चिमण्या उभ्या राहिल्या आणि त्यांची काजळी वाऱ्याबरोबर पूर्वेला पडू लागली. ज्याला परवडले तो पश्चिमेला सरकला, ज्याला परवडले नाही तो पूर्वेला राहिला. लंडनचा ईस्ट एंड हा गरिबांचा भाग ठरण्यामागे गोदी, बंदर अशी इतर कारणे आहेतच, पण हे एक मोठे कारण आहे. तेथे पैशाने जे केले ते आपल्याकडे पैशाच्या कितीतरी आधी जातीने करून ठेवले होते. फरक इतकाच की इंग्रज मजुराच्या हाती चार पैसे आले तर त्याला घर बदलता येत होते. महारवाड्यातल्या माणसाला गावात भाड्याने खोली आजही मिळते का, हे ज्याने त्याने आपापल्या गावात विचारून पाहावे.

मुंबईतही वारा समुद्रावरून, म्हणजे पश्चिमेकडून येतो. त्या वाऱ्याच्या शेवटच्या टोकाला, शहराच्या पूर्व कडेला काय आहे? देवनारचे डम्पिंग ग्राउंड, १९२७ सालापासूनचे. माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या टाक्या. चेंबूरचे खत कारखाने. चेंबूरला लोक 'गॅस चेंबर' म्हणतात ते उगाच नव्हे. आणि याच पट्ट्यात गोवंडी, मानखुर्द, चेंबूरच्या झोपडपट्ट्या आहेत. मराठवाड्यातून, विदर्भातून, आमच्या नाशिक-नगरकडून दुष्काळात पोट घेऊन गेलेली आपली माणसे तेथे आहेत, उत्तर प्रदेशातले गरीब मुसलमान तेथे आहेत. २०१६ च्या जानेवारीअखेर देवनारच्या कचऱ्याला आग लागली. त्या धुराचा पट्टा उपग्रहाच्या छायाचित्रात दिसला, म्हणून साऱ्या जगाने पाहिला. आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. तो धूर वस्तीतल्या लोकांना नवा नव्हता, फक्त त्या वेळी तो इतका वाढला की इतरांनाही दिसला.

माहुलची कथा तर वकिलांनी अभ्यासावी अशी आहे. तानसा जलवाहिनीच्या कडेच्या झोपड्या हटवल्या आणि त्या कुटुंबांना माहुलच्या इमारतींत नेऊन टाकले. पक्की घरे दिली, उपकार केला, असा सरकारी आव होता. पण समोरच कारखाने. त्या भागातली हवा आरोग्याला धोकादायक आहे असे राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ च्या डिसेंबरातच म्हणून ठेवले होते. लोक लढले, रस्त्यावरही आणि न्यायालयातही. २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना दुसरीकडे राहण्यासाठी दरमहा १५,००० रुपये भाडे देण्याचा आदेश दिला. घर मिळाले म्हणजे सारे मिळाले, ही समजूत त्या निकालाने मोडली. घरात श्वास घेता आला पाहिजे.

आता आमच्या नाशिककडे येऊ. नाशिक हवेशीर, थंड, राहायला उत्तम, अशी त्याची जाहिरात होते आणि त्या जाहिरातीवर इमारतींमागून इमारती उभ्या राहतात. या शहराची वीज जेथे तयार होते त्या एकलहरे केंद्रात २१० मेगावॅटचे तीन संच कोळशावर चालतात. एकलहरे कोणत्या बाजूला? नाशिकरोडच्याही पूर्वेला. केंद्र सरकारने २०१९ च्या जानेवारीत राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम आणला. ज्या शहरांची हवा ठरलेल्या मानकात बसत नाही अशांची यादी झाली, ती पुढे १३१ शहरांवर गेली. नाशिक त्या यादीत आहे. निफाड, येवला, सिन्नर त्यात नाहीत. म्हणजे आमची हवा शुद्ध आहे असे कुणी समजू नये. यादी मुख्यतः मोठ्या शहरांची आहे, आणि निमशहरात राहणारा माणूस फुप्फुसे घेऊन जन्मतो ही गोष्ट दिल्लीला अजून कळायची आहे. यादीतल्या शहरांनीही त्या पैशाचा मोठा भाग रस्त्यावरची धूळ दाबण्यावर घालवला. ती धूळ पहाटे हातात खराटा घेऊन कोण झाडतो, हे आपल्या वाचकांना सांगण्याची गरज नाही.

एक गंमत मात्र सांगितली पाहिजे. अख्खा निफाड तालुका नाशिकच्या पूर्वेला आहे. नाशिकचे सांडपाणी पोटात घेऊन गोदावरी सायखेडा, चांदोरीवरून खाली येते आणि नांदूर मधमेश्वरच्या धरणात जाऊन थांबते. हे महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, २०२० साली जाहीर झालेले. तेथे परदेशी पक्षी पाहायला लोक येतात. त्याच नदीवर पानवेलींचा हिरवा गालिचा पसरलेला असतो, तो शहराच्या घाणीवर पोसलेला असतो. शहराने आमची नदी नासवली म्हणून तालुक्यातले बागायतदार ओरडतात. त्यांचे म्हणणे खरे आहे आणि आम्ही त्यांच्या बाजूचे आहोत. पण तक्रार नीट ऐकली तर ती ओळखीची वाटते. वरच्याने वापरायचे आणि घाण खालच्याकडे सोडायची! नाशिकने सबंध निफाड तालुक्याचाच महारवाडा केला आहे. आता निदान त्यांना आमचे दुःख कळायला हरकत नसावी.

थंडीबद्दलही दोन शब्द, कारण धुराचे शास्त्र निफाडच्या थंडीत जितके स्पष्ट दिसते तितके पुस्तकात दिसत नाही. जानेवारीत पहाटे बागायतदार घड वाचवायला बागेत शेकोट्या पेटवतात. पाच-सहाच्या सुमारास रस्त्याने जाऊन पाहा. धूर वर जातच नाही. पुरुषभर उंचीवर आडवा पसरून राहतो, कुणी चादर अंथरावी तसा. रात्री जमीन गार होते, तिला लागून असलेली हवा गार आणि जड होते, तिच्यावर तुलनेने उबदार हवेचे झाकण बसते. झाकणाखाली जे जळेल ते तेथेच कोंडते. वारा पडलेला असतो. या दिवसांत पूर्व नाही की पश्चिम नाही, जो धुराच्या जवळ राहतो तो धूर खातो. म्हणून उन्हाळ्यात वाऱ्याने येणारा तोच कचऱ्याचा धूर हिवाळ्यात वस्तीत मुक्कामाला असतो.

त्या धुरात जे बारीक कण असतात, ज्यांना शास्त्रज्ञ पीएम २.५ म्हणतात, ते माणसाच्या केसाच्या जाडीच्या विसाव्या-तिसाव्या हिश्श्याएवढे असतात. नाकातले केस त्यांना अडवत नाहीत. ते फुप्फुसाच्या तळाशी जातात, तेथून रक्तात जातात. दमा तर होतोच, हृदयविकार आणि पक्षाघातही वाढतो. आपल्या देशाचे २००९ चे मानक सांगते की वर्षाची सरासरी घनमीटरला ४० मायक्रोग्रॅमपर्यंत चालेल. जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून ५ म्हणते. चाळीस आणि पाच! भारतीय माणसाची छाती आठपट मजबूत आहे असा शोध कुणी लावला असल्यास आमच्या वाचनात नाही.

आता त्या मावशींच्या प्रश्नाचे दुसरे अंग, पत्रा. उन्हाळा सर्वांना सारखा असतो, सूर्य भेदभाव करीत नाही, असे म्हणण्याची पद्धत आहे. सूर्य करीत नसेल, छप्पर करते. वाड्याचे माळवद किंवा कौल दुपार झेलते आणि खाली फारशी झळ येऊ देत नाही. पत्रा ती जशीच्या तशी डोक्यावर ओततो. त्यात दहा बाय दहाची खोली, एकच दार, खिडकी नाही, आतच चूल. गावाचे शहर होऊ लागले की डांबर, काँक्रीट, पेव्हर ब्लॉक वाढतात. ते दिवसभर ऊन पितात आणि रात्रभर ओकतात. त्यामुळे दिवसाचा पारा फार चढला नाही तरी रात्र गार होत नाही. दिवसभर उन्हात राबलेल्या शरीराला रात्रीचा गारवा हीच विश्रांती असते. ती न मिळाल्यास दुसऱ्या दिवशी माणूस अर्ध्या ताकदीने उन्हात उभा राहतो. हमाल, गवंड्याच्या हाताखालचे बिगारी, बागेत औषध मारणारा गडी, खळ्यावरच्या बाया, घंटागाडीवरचे कामगार यांना सुटी नसते. पोत्यामागे पैसे, खाड्याला शून्य.

आणि वातानुकूलित यंत्राची गोष्ट तर मोठी बोलकी आहे. हे यंत्र थंडी तयार करत नाही. खोलीतली उष्णता उचलून बाहेर फेकते आणि वर स्वतः खाल्लेल्या विजेची उष्णता त्यात मिळवते. म्हणजे आत बसलेल्या साहेबाचा गारवा हा बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या वाट्याचा उकाडा आहे. त्यासाठी लागणाऱ्या विजेचा कोळसा एकलहऱ्याला जळतो, त्याची राख तेथल्या शेतावर पडते. आत गार, बाहेर गरम, आणि दोघांमध्ये एक भिंत. भिंतीच्या कोणत्या बाजूला कोण, हे आजही बऱ्याच अंशी जन्माने ठरते.

१६ एप्रिल २०२३ ला खारघरला सरकारी पुरस्काराचा सोहळा झाला. लाखो माणसे उघड्या मैदानात, उन्हात. मंचावर सावली होती. चौदा माणसे उष्माघाताने गेली. लक्षात घ्या, त्या दिवशी तेथे पारा चाळीसच्या आतच होता. किनाऱ्याच्या दमट हवेत घाम वाळत नाही आणि घाम वाळला नाही की शरीर थंड होत नाही. म्हणून केवळ आकडा पाहून 'आज फारसे ऊन नाही' म्हणणाऱ्या आयोजकांपासून सावध राहावे. यात आपलेही आयोजक आले. आपली जयंती एप्रिलात येते. भर दुपारी दोन वाजता लहान मुलांना लेझीम हाती देऊन डांबरावर उभे करायचे, मागे डीजेच्या जनरेटरचा काळा धूर, पुढे फटाके. आम्ही स्वतः अशा मिरवणुकांत नाचलो आहोत, म्हणून हे लिहिण्याचा आम्हाला अधिकार आहे. मिरवणूक सायंकाळी काढता येते, वाटेत पाण्याची व सावलीची सोय करता येते. त्यात भीमभक्ती कमी होत नाही.

उन्हावर उपाय नाही असे नाही. अहमदाबादला २०१० च्या मे महिन्यात उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाले, तेव्हा तेथली पालिका जागी झाली आणि २०१३ साली देशातला पहिला उष्णता कृती आराखडा तयार झाला. त्यात काय होते? आधी इशारा देणे, दवाखाने सज्ज ठेवणे, पाण्याची सोय करणे. पुढे झोपड्यांच्या छपरांना पांढरा चुना देण्याचे काम त्याला जोडले गेले. चुना! फार मोठे तंत्रज्ञान नव्हे. पांढरे छप्पर ऊन परतवते आणि खालची खोली काही अंशांनी गार राहते. हे प्रत्येक वस्तीत फेब्रुवारी-मार्चमध्ये, फार थोड्या पैशात होण्यासारखे आहे.

पण आपण काय मागत आलो? दलित वस्ती सुधार योजनेचे, जिचे नाव आता अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्त्यांचा विकास असे आहे, तिचे प्रस्ताव काढून पाहा. सिमेंटचा रस्ता, पेव्हर ब्लॉक, समाजमंदिर, कमान. आम्हीच असे कितीतरी अर्ज लिहून दिले आहेत. चिखलातून चालणाऱ्याला सिमेंटचा रस्ता हा सन्मान वाटतो आणि तो आहेच. तरी कबूल केले पाहिजे की आपण मागणी करून वस्तीतली शेवटची माती झाकून घेतली आणि एकाही अर्जात झाड मागितले नाही. २०२५ च्या अखेरीस कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी तपोवनातली शेकडो झाडे तोडण्याचा घाट घातला गेला, तेव्हा नाशिककर रस्त्यावर उतरले. चांगले केले. ज्या वस्त्यांत तोडायलाही झाड नाही, तेथल्यांनी कुणाविरुद्ध उतरायचे? गिरनारच्या शिलालेखात सम्राट अशोकाने रस्त्याच्या कडेने झाडे लावल्याचे आणि विहिरी खोदल्याचे नोंदवून ठेवले आहे, माणसांसाठी आणि पशूंसाठीही. सावली देणे हे राज्याचे काम आहे हे या देशाला बावीसशे वर्षांपूर्वी ठाऊक होते.

डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा या पाट्या गेल्या, भीमनगर, समतानगर आले. निर्णय योग्यच होता. नाव बदलले, जागा बदलली नाही, आणि वारा पाट्या वाचत नाही.

आता कायद्याचे बोलू, कारण आमची भाकरी त्यावर आहे. शुद्ध हवा आणि पाणी हा अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने सुभाषकुमार प्रकरणात १९९१ साली म्हटले. मार्च २०२४ मध्ये रणजितसिंह प्रकरणात न्यायालय आणखी पुढे गेले. हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क अनुच्छेद २१ बरोबरच अनुच्छेद १४ मध्ये, म्हणजे समतेच्या हक्कातही आहे, असे सांगितले. ही समतेची गोष्ट आपल्या चळवळीने घट्ट पकडावी. उष्णता आणि धूर सर्वांना सारखा लागत नाही, म्हणूनच तो समतेचा प्रश्न आहे, हे आता आम्ही म्हणत नसून देशाचे सर्वोच्च न्यायालय म्हणते.

मात्र निकालाने धूर विझत नाही. १९८१ च्या हवा कायद्यातल्या तुरुंगवासाच्या बहुतेक शिक्षा २०२३ च्या जनविश्वास कायद्याने काढून त्या जागी दंड ठेवला. हवा दूषित करण्याबद्दल भारतीय न्याय संहितेत कलम २८० आहे, त्यातला दंड एक हजार रुपयांपर्यंत. उघड्यावर कचरा जाळल्यास पाच हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास पंचवीस हजार, असे हरित लवादाने २०१६ च्या डिसेंबरात ठरवून दिले. कागदावर ठीक. प्रत्यक्षात काडी लावणारा हात सफाई कामगाराचा असतो, आणि तोही आपलाच. 'पेटवून दे' असे तोंडी सांगणारा कुठल्याच पंचनाम्यात येत नाही.

वस्तीतल्या तरुणांची बैठक झाली तेव्हा सर्वांचे एकच म्हणणे, 'साहेब, अ‍ॅट्रॉसिटी टाका.' कायद्यात तशी तरतूद आहे. अनुसूचित जातीच्या माणसाच्या शेजारात इजा, अपमान वा त्रास देण्याच्या हेतूने घाण, कचरा टाकणे हा कलम ३(१)(क) खाली गुन्हा आहे. पण त्यातला 'हेतू' हा शब्द सरकारी वकिलाचा घाम काढतो. समोरचा म्हणणार, आमचा हेतू कुणाला त्रास देण्याचा नव्हता, जागा पहिल्यापासून तीच आहे. प्रकरण पाच-सात वर्षे चालणार, धूर तोवर तसाच. म्हणून आम्ही दुसरा रस्ता सुचवला. तरुण नाराज झाले. एकजण तोंडावर म्हणाला, 'तुम्ही मवाळ झालात.' असो. चाळिशी ओलांडली की हे ऐकावे लागते.

तो रस्ता म्हणजे सार्वजनिक उपद्रव हटवण्याचा. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १३३, जुलै २०२४ पासून नागरी सुरक्षा संहितेचे कलम १५२. अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडे, म्हणजे उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे करायचा. हेतू सिद्ध करावा लागत नाही, उपद्रव आहे एवढेच दाखवायचे. मध्य प्रदेशातल्या रतलामच्या एका वॉर्डातल्या रहिवाशांनी उघड्या गटारांच्या घाणीविरुद्ध याच कलमाखाली अर्ज केला होता. पालिका म्हणाली, पैसे नाहीत. १९८० साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सांगितले की पैसे नाहीत ही सबब चालणार नाही, नागरिकांचे आरोग्य सांभाळणे हे पालिकेचे कर्तव्यच आहे. आमच्या मते झोपडपट्टीत राहणाऱ्या प्रत्येकाला हा निकाल तोंडपाठ असला पाहिजे.

आणि 'पहिल्यापासून' या सबबीचे उत्तर आपल्या चळवळीनेच देऊन ठेवले आहे. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह, २० मार्च १९२७, आपण दरवर्षी साजरा करतो. त्यानंतर दहा वर्षे चाललेला दिवाणी दावा मात्र फार थोड्यांना आठवतो. सवर्णांचे म्हणणे हेच होते, अनादिकाळापासूनची वहिवाट आहे, अस्पृश्यांनी या तळ्याचे पाणी घ्यायचे नाही. १९३७ च्या मार्चमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती वहिवाट मान्य केली नाही. बाबासाहेबांनी तळ्यावर ओंजळही भरली आणि न्यायालयात पुरावाही भरला. आजचा कायदाही तेच सांगतो. सार्वजनिक उपद्रव किती का जुना असेना, तो चालू ठेवण्याचा हक्क काळाने मिळत नाही.

अर्ज दाखल झाला आहे. बहात्तर सह्या आहेत, त्यात अकरा मराठा आणि माळी घरांच्या, कारण हिवाळ्यात धूर त्यांच्याही ओट्यावर जाऊ लागला आहे. सोबत प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या दम्याच्या रुग्णांचे केसपेपर आणि तरुणांनी रोज ठरलेल्या वेळी काढलेली महिनाभराची छायाचित्रे जोडली आहेत. पहिल्या तारखेला समोरून कुणी हजर राहिले नाही. दुसऱ्या तारखेला ग्रामसेवक आले, म्हणणे मांडायला मुदत मागून गेले. आम्ही अंतरिम आदेशाची मागणी केली आहे, निकाल लागेपर्यंत निदान जाळणे तरी थांबावे. पुढची तारीख मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. त्याच्या आदल्या रविवारी वस्तीतल्या चाळीस छपरांना चुना देण्याचे ठरले आहे. वर्गणी जमते आहे, दोन गवंडी बिनमजुरीने येणार आहेत, शिड्या मात्र कमी पडतात. आसपासच्या गावांतून ज्यांना शिडी आणता येईल त्यांनी सकाळी सातच्या आत यावे, कारण दहानंतर पत्र्यावर पाय ठेवता येत नाही.